बाळूला शिकवा: मधुमेह ओपीडीतल्या रोबोच्या प्रकल्प नोंदी

१३ मे २०२५, मंगळवार

रोबो आज रुग्णालयात पोचला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रिक्षाने, मांडीवर घेऊन आणला. उंची दोन फुटांच्या आत, वजन पाच किलोच्या पिठाच्या पिशवीएवढं. पांढरं प्लॅस्टिक, डोळ्यांच्या जागी दिवे, प्रत्येक हाताला तीन बोटं. हाताला मोटर एकच असल्यामुळे तिन्ही बोटं एकदमच मिटतात आणि एकदमच उघडतात. इन्शुलिनची सिरिंज धरून दाखवणं याला जमणार नाही, हे पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवते.

जागा: सातारा जिल्ह्यात पालखीच्या वाटेवरचं गाव, तिथलं एक धर्मादाय रुग्णालय. दर मंगळवारी मधुमेहाची ओपीडी असते. डॉक्टरांना एका पेशंटमागे पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. तेवढ्यात रिपोर्ट बघायचा, पाय बघायचे, गोळ्या लिहायच्या. समजावून सांगायचं राहूनच जातं. आणि हा आजार तर असा, की डॉक्टर वर्षातून चार-सहा वेळा भेटणार; बाकी सगळे दिवस काय खायचं, किती टोचायचं, चक्कर आली तर काय करायचं, हे पेशंटनेच निभवायचं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर गेला. एवढ्यांना शिकवायला सिस्टर आणायच्या कुठून, या प्रश्नातून हा प्रकल्प निघाला.

युरोपात हे आधी झालंय. २०१० ते २०१४ या काळात 'अलिझ-ई' नावाचा प्रकल्प चालला. त्यात मिलानच्या सान राफाएले रुग्णालयातली टाइप १ मधुमेहाची (यात शरीर स्वतः इन्शुलिन बनवत नाही) मुलं 'नाओ' या छोट्या रोबोबरोबर प्रश्नमंजूषा खेळायची. एक प्रश्न रोबोने विचारायचा, पुढचा मुलाने. त्यानंतर २०१५ पासून 'पाल' नावाचा दुसरा प्रकल्प नेदरलँड्स आणि इटलीत चार वर्षं झाला. त्यात दवाखान्यात रोबो आणि घरी टॅबलेटवर त्याचंच चित्र, अशी सोय होती. पण ती सगळी मुलं. आमच्याकडे बाकांवर बसलेली माणसं पन्नाशी-साठीची, बरीचशी शेतकरी, काही जणांना वाचता येत नाही.

आमची माणसं: अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी, ओपीडीच्या सिस्टर, डॉक्टर, आणि मी. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

डॉक्टरांची एकच अट, ती ठळक लिहिते. इन्शुलिनचा डोस किंवा गोळीचं प्रमाण रोबो कधीही, कुणालाही सांगणार नाही.

२० मे, मंगळवार

पहिला दिवस. रोबो टेबलावर उभा राहिला, हात जोडून "नमस्कार" म्हणाला आणि सगळ्या रांगेने मोबाइल वर केले. एका आजींनी त्याला उलट हात जोडले, कुणी टाळ्या वाजवल्या. आठ मिनिटांचा धडा होता: मधुमेह म्हणजे काय, शुगर वाढली तर काय होतं, कमी झाली तर काय होतं. माणसं अगदी शांतपणे ऐकत होती. मी मनातून खूश होते.

अर्ध्या तासाने सिस्टरांनी औषधाच्या खिडकीपाशी सहा जणांना विचारलं, शुगर कमी झाली तर काय करायचं? एकजण म्हणाले, "लई ग्वाड बोलतंय पोरगं." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मान कशी वळवतंय बघा." खरं उत्तर एकाच मामांनी दिलं, आणि त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

आणखी एक. बोललेलं ओळखायची सोय इथे निरुपयोगी आहे. पंख्याची घरघर, रडणारी पोरं, नंबर पुकारणारा वॉर्डबॉय. मराठी ओळखणं तर लांबच, यात 'हो' आणि 'नाही'सुद्धा कळत नाही. त्यामुळे विद्यार्थिनी लॅपटॉपवरून एकेक वाक्य सोडणार. पडद्याआड बसून चालवायची एक पद्धत आहे, म्हणजे लोकांना रोबो आपणहून बोलतोय असं वाटतं. ते मला पटत नाही. आजाराबद्दल जे बोलणार त्यामागे कोण आहे, हे पेशंटला दिसलं पाहिजे. ती शेजारीच स्टुलावर बसेल.

२७ मे

भाषेचा दिवस. यंत्रातला तयार आवाज मराठी बोलत नाही, म्हणून सगळी वाक्यं आम्ही रेकॉर्ड करून भरलीत. पहिली संहिता छापील पत्रकातली होती: "मधुमेही व्यक्तींनी तंतुमय पदार्थांचे सेवन वाढवावे." सिस्टरांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मॅडम, सेवन कोण करतं? इथे माणसं जेवतात."

सगळं बसून पुन्हा लिहिलं. तंतुमय पदार्थ गेले. त्या जागी पालेभाजी, शेंगा, सालासकट डाळ, ज्वारीची भाकरी. 'हायपोग्लायसेमिया' गेला, 'शुगर लो होणे' आलं, कारण माणसं तेच म्हणतात. आवाज विद्यार्थिनीच्या धाकट्या भावाचा घेतला, वय बारा. बोली वापरायची का यावर बराच वेळ बोललो. शेवटी नको ठरलं. खेळण्यातून आपली बोली ऐकली की कुणी आपली नक्कल करतंय असं माणसांना वाटेल, असं सिस्टरांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. साधी मराठी, सगळ्यांना तुम्ही-आम्ही.

३ जून, मंगळवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

खोलीवर पत्रा, बाहेर चाळीसच्या आसपास ऊन. वीस मिनिटांत रोबोच्या गुडघ्यांच्या मोटरी तापल्या आणि तो थरथरायला लागला. बसवून घेतला. (यापुढे सगळे धडे बसूनच. उभं राहण्यात त्याची निम्मी ताकद जाते आणि बॅटरी तासाभरात संपते.)

धडा इन्शुलिन ठेवण्याचा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी, उघडल्यावर उन्हापासून लांब ठेवून सुमारे चार आठवड्यांत संपवावी. रोबो म्हणाला, "बाटली फ्रिजच्या दारात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका."

मागच्या बाकावरून एक आजी म्हणाल्या, "आन् फ्रीज नसंल त्यानं?"

विद्यार्थिनीकडे त्याचं वाक्यच नव्हतं. तिने घाईत एक सर्वसाधारण वाक्य सोडलं: "मला माहीत नाही. तुम्ही सांगाल का?" हे वाक्य आम्ही भलत्याच वेळेसाठी भरलं होतं.

आजी उठल्या. काठी टेकत पुढे आल्या, टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या, आणि नातवाला सांगावं तसं त्याला सांगू लागल्या. मोठं मडकं घ्यायचं, बिनरंगाचं. त्यात पाणी घालायचं. आत लहान मडकं ठेवायचं. बाटली प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डबीत घालून त्या लहान मडक्यात. वर ओलं फडकं. चूल लांब हवी, दारातलं वारं लागलं पाहिजे. "तुला ऊन सोसंना, तसंच औषिदाला बी सोसत न्हाय, बाळा."

खोलीत कुणीही बोलत नव्हतं. वीस मिनिटं रोबोचं ऐकणारी माणसं आणि आजींचं ऐकणारी माणसं, हा फरक मला टेबलापासून दिसत होता. माणसं पुढे झुकली होती. एकाने विचारलं, डबीत पाणी शिरलं तर? आजींनी त्यालाही उत्तर दिलं. मडक्याच्या छिद्रांतून पाणी पाझरून उडून जातं आणि आतलं थंड होतं, हे मी शाळेच्या पुस्तकातून शिकले. आजी वीस वर्षं त्यावर स्वतःचं इन्शुलिन राखून आहेत.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, फ्रीज नसेल तिथे हाच चांगला उपाय. कोरड्या उन्हात जास्त चालतो, पावसाळी दमट हवेत कमी, पण तेव्हा उकाडाही कमी असतो.

जाताना आजी त्याला म्हणाल्या, "येते रं बाळू." नाव पडलं.

१० जून

आठवडाभर डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. आम्ही उलटं बांधत होतो. या रोबोकडे शिकवण्यासारखं काही नाही. सिस्टरांना जे येतं ते त्याला येत नाही, हात चालत नाहीत, ऐकू येत नाही. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी डॉक्टरांकडे नाही, सिस्टरांकडे नाही आणि माझ्याकडे तर नाहीच. त्याच्यासमोर कुणालाही अडाणी वाटत नाही. साठ वर्षांचा माणूस डॉक्टरांना "कळलं का?" वर "हो" म्हणतो, कारण "नाही" म्हणायला लाज वाटते. दोन फुटी पोरासमोर तोच माणूस मास्तर होतो.

तेव्हा बाळू यापुढे विद्यार्थी. तो विचारणार, पेशंट शिकवणार.

हेही कुणीतरी आधी केलंय असं वाचताना सापडलं. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठात लोला कान्यामेरो यांच्या गटाने त्याच नाओ रोबोचा 'रॉबिन' केला. रॉबिन हे रांगतं-चालतं मूल, त्याला मधुमेह. मुलांनी त्याची शुगर बघायची, त्याला सांभाळायचं. आजार झालेल्या मुलाला काळजी घेणाऱ्याच्या जागी बसवायचं. वाचून फार बरं वाटलं.

पण यात एक धोका आहे आणि तो मी हलका मानत नाही. बाळू चुकीचं बोलला आणि कुणी ते खरं धरून घरी गेलं तर? दोन तास यावरच बसलो. ठरलं ते असं: बाळू चुकीची गोष्ट ठासून सांगणार नाही, फक्त विचारेल. "मी ही बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवू का?" असं. पेशंटने दुरुस्त केलं की बाळू बरोबर वाक्य मोठ्याने परत म्हणेल. कुणीच दुरुस्त केलं नाही तर सिस्टर करतील, आणि सिस्टर खोलीत नसतील तर बाळू बंद. याला अपवाद नाही.

१७ जून, मंगळवार

आजचा धडा: "मला सिरिंज भरायला शिकवा."

बाळूच्या तिन्ही बोटांत सिरिंज अडकवली, ती लगेच खाली पडली. "मला जमत नाही. तुम्ही करून दाखवता का?" साठीचे एक मामा पुढे आले, उसाचे शेतकरी. केसपेपरवर डॉक्टरांनी मागच्या वेळी लाल शाईने लिहिलेलं: शुगर वाढलेली, पथ्य पाळत नाहीत.

मामांनी पिशवीतून स्वतःची बाटली आणि स्वतःची सिरिंज काढली. हात धुतले. गढूळ इन्शुलिनची बाटली दोन तळहातांमध्ये हळू फिरवली. "हलवायची न्हाय रं, फेस येतो." झाकण स्पिरिटने पुसलं. सिरिंजमध्ये आधी हवा ओढली, ती बाटलीत सोडली, बाटली उलटी धरली, दट्ट्या ओढला, एक बुडबुडा टिचकी मारून वर घालवला. हात एकदम सराईत. वीसच्या रेघेवर थांबले आणि बाळूसमोर धरून म्हणाले, "हे बघ, वीस."

सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या सिरिंजकडे बघत नव्हत्या, टेबलावर ठेवलेल्या टोपणाकडे बघत होत्या. टोपण नारिंगी होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन: ४० वाल्या बाटलीला लाल टोपणाची, १०० वाल्या बाटलीला नारिंगी टोपणाची. मामांची बाटली ४० ची. सिरिंज १०० ची. नारिंगी सिरिंजवर वीसची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर, आणि ४० च्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे फक्त ८ युनिट. डॉक्टर २० लिहितायत, मामा प्रामाणिकपणे रोज २० ची रेघ गाठतायत, आणि अंगात ८ जातायत. जुन्या सिरिंज संपल्या, मेडिकलमध्ये मागितल्या, हातात आल्या त्या घेतल्या. तेव्हापासून हे चाललंय.

उलटं झालं असतं तर? १०० ची बाटली आणि लाल सिरिंज. मग २० च्या रेघेवर ५० युनिट. त्यात जीव जाऊ शकतो.

सिस्टर मामांना रागावल्या नाहीत. त्यांनी बाळूला सांगितलं, "बाळू, मामांचा हात किती छान चालतो बघितलास? फक्त टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळवायचा राहिला." मग मामांना लाल टोपणाच्या सिरिंज दिल्या. मामा बराच वेळ दोन्ही टोपणं तळहातावर घेऊन बसले होते. "म्हंजे म्या गोड खात नव्हतोच," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी केसपेपरवरची ती लाल ओळ खोडली आणि खाली सही केली.

रात्री घरी लिहितेय. २०११ साली माझ्या बाबांचं नेमकं हेच झालं होतं. तीन महिने शुगर उतरेना. तीन महिने आम्ही सगळे त्यांच्यावर संशय घेत होतो, मीसुद्धा. आईने साखरेचा डबा वरच्या फळीवर नेला. बाबांनी आंबा सोडला, चहातली अर्धा चमचा साखर सोडली, तरी रिपोर्ट आला की घरात कुणी धड बोलायचं नाही. शेवटी दुसऱ्या एका रुग्णालयात एका सिस्टरने सहज म्हटलं, "काका, मला भरून दाखवा बरं." त्याआधी एवढ्या तपासण्या झाल्या, पण तेवढं कुणीही म्हणालं नव्हतं. मी इंजिनीअर, रोज मोजमाप शिकवणारी. मीही म्हणाले नव्हते.

२४ जून

आजपासून केसपेपरवर एक जास्तीची ओळ: "बाटली-सिरिंज बघितली." सिस्टरांनी शिक्का करून घेतला. हे रोबोशिवायही चालू राहील.

१ जुलै, मंगळवार

पालखी गावातून पुढे गेली. येत्या रविवारी, ६ तारखेला आषाढी. बाळूचा प्रश्न: "मला एकादशी धरायची आहे. इन्शुलिन घेऊ का नको?"

खोलीत एकच गलका झाला. "उपवासाला औषध कशाला?" "न घेऊन चालंल व्हय?" "साबुदाणा खाल्ला तर पोटात काहीतरी जातंच की." बाळूचा हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीपर्यंत ऐकू गेला आणि ते स्वतः बाहेर आले. त्यांनी शांतपणे सांगितलं: इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेऊन पोट रिकामं ठेवलं तर शुगर एकदम खाली जाते. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वाटीभर खिचडीने ती भरकन वर चढते. म्हणून उपवास धरणाऱ्याने आधी येऊन विचारायचं, डोस आपल्या मनाने ना सोडायचा ना घ्यायचा. राजगिरा, ताक, शेंगदाणे यांचं कसं जमवायचं तेही सांगितलं.

मग बाळूने विचारलं, "आणि उपवासात घाम फुटला, हात थरथरले तर?"

माळकरी एक बाबा होते, त्यांनी उत्तर दिलं. "तर साखर तोंडात टाकायची. साखर म्हंजे प्रसादच की रं. माउली रागवत न्हाय."

हे वाक्य मी किंवा डॉक्टर बोललो असतो तर कुणी मानलं नसतं. बाबा बोलले आणि समोरच्या तीन बायकांनी एकमेकींकडे बघून माना हलवल्या. सिस्टरांनी लगेच पुढचं जोडलं: मीटरवर ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची, अजून कमी असेल तर परत तेवढीच. प्रसादाची खडीसाखर असेल तर ती कुटून घ्यायची, खडा चघळत बसायला वेळ नसतो. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

बाबांना विचारून त्यांचं वाक्य जसंच्या तसं नोंदीत घेतलं.

२२ जुलै

पहिल्यांदा एक लहान पेशंट आली. नऊ वर्षांची मुलगी, टाइप १, दिवसातून चारदा इन्शुलिन. घरी टोचते आई. आई टोचताना स्वतःच तोंड फिरवते.

तिने बाळूला आल्याआल्या विचारलं, "तुला पण टोचतात का रोज?"

यावर आमच्यात आधी वाद झालेला. विद्यार्थी म्हणत होता, रॉबिनसारखं 'मलाही मधुमेह आहे' म्हणू या, मुलांना जवळचं वाटेल. मला ते नको होतं. रॉबिनचा खेळ मुलांना खेळ म्हणून माहीत होता. ही मुलगी खरंच विचारत होती. तेव्हा बाळूने खरं उत्तर दिलं: "नाही. मला बॅटरी लागते, ती वायरीने भरतात. टोचल्यावर कसं वाटतं ते मला माहीत नाही. सांगशील?"

तिने सांगितलं. खूप वेळ सांगितलं. शाळेत डबा खायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन टोचून घ्यावं लागतं, मैत्रिणी विचारतात हा लागण होणारा आजार आहे का. आई शेजारी बसून ऐकत होती आणि यातलं बरंच तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मग मुलगी बाळूला म्हणाली, "तू दहापर्यंत मोज. सुई आत असताना दहा मोजायचे असतात." तिने इन्शुलिनचं पेन आईच्या हातातून घेतलं. बाळू मोजत होता, विद्यार्थिनी एकेक आकडा सोडत होती, आणि सातवर मुलीचा हात थरथरला. "दहा" झाल्यावर मुलीने सुई काढली आणि विचारलं, "बरोबर मोजलं का मी?"

मोजत होता बाळू. पण मी "हो" म्हणाले.

५ ऑगस्ट

उजव्या खांद्याची मोटर गेली. दुरुस्तीला तीन आठवडे. मंगळवार चालूच, बाळूविना.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीनंतरची पहिली मोठी ओपीडी. शुगर सगळ्यांच्याच वाढलेल्या. मोदकांबद्दल कुणी काही बोललं नाही, आम्हीही नाही. आज पाय.

बाळूला टेबलावर आडवा निजवला, पाय माणसांकडे. "माझे पाय तपासून द्या." आमच्या शेतकऱ्यांना स्वतःचे पाय दाखवायला लाज वाटते. भेगा, माती, पावसात चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात पडलेल्या चिखल्या. बाळूचे पाय मात्र सगळे हातात घेऊन बघत होते. तळवा, टाच, कडा.

पंचावन्नच्या आसपासचे एक काका बाळूचा तळवा अंगठ्याने दाबत होते. त्यांनी विचारलं, "ह्याला काटा मोडला तर कळतं का?"

याचं उत्तर मी दिलं, कारण ते तांत्रिक होतं. तळव्याला दाब कळणारे सेन्सर आहेत, तोल सांभाळण्यापुरते. टोचलेलं, भाजलेलं, कापलेलं त्याला कळत नाही.

काका थोडा वेळ थांबले. "म्हंजे माझ्यावानीच की," म्हणाले.

त्यांनी आपणहून चप्पल काढली. सिस्टरांनी पायाची जाणीव तपासायचा नायलॉनचा बारीक धागा आणला, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. डोळे मिटायला सांगून एकेका जागी टेकवला. टाचेवर कळलं. चवड्यावर नाही. अंगठ्यावर नाही. आणि करंगळीच्या बेचक्यात चांगली बोटभर जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. किती दिवसांची, काकांना सांगता येईना. दुखतच नव्हती. डॉक्टरांनी तिथेच साफ केली, पट्टी केली, चार दिवसांनी बोलावलं.

त्यांचा पाय सिस्टरांच्या मांडीवर होता आणि हातात अजून बाळूचा पाय धरलेला होता. हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

३० सप्टेंबर

काय जमलं नाही तेही लिहायला हवं.

चाळिशीतले पुरुष थांबतच नाहीत. ते कामाचा खाडा करून येतात, गोळ्या घेतात आणि जातात. त्यांचीच काळजी जास्त वाटते. साडेबाराची एसटी धरणाऱ्या बाया अर्ध्यातून उठतात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यापर्यंत बारा वर्षांच्या मुलाचा बारीक आवाज पोचत नाही. मोठा स्पीकर लावला तर खोली दणाणते. एका बाईंनी सरळ सांगितलं, "मला बाहुल्याशी बोलायचं न्हाय, सिस्टरशी बोलायचंय." त्यांचं म्हणणं मान्य करून सिस्टर त्यांच्यापाशी बसल्या.

आणि मोठा प्रश्न: बाळू नसताना, ऑगस्टमध्ये, सिस्टरांनी स्वतःच म्हणून बघितलं, "मामा, मी नवीन आहे असं समजा, मला शिकवा." काही जणांनी शिकवलं. काही जण हसून म्हणाले, "सिस्टर, तुमाला येत न्हाय व्हय?" आणि गप्प बसले. पांढऱ्या डगल्यातल्या माणसाला आपण काय शिकवणार, ही भीती सहज जात नाही. म्हणजे बाळूचा उपयोग आहे, पण तो सिस्टरच्या शेजारी. तिच्या जागी नाही. रुग्णालयाच्या बैठकीत कुणीतरी विचारलंच, हा आला की एक सिस्टर कमी करता येईल का? मी लेखी उत्तर दिलं: नाही. सिरिंजच्या टोपणाचा रंग बाळूला दिसला नव्हता. सिस्टरांना दिसला होता.

१४ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर. बाळूचा प्रश्न: "एक करंजी की दोन चकल्या?" तासभर चर्चा. लिहून काढायला वेळ नाही, आवाजाची फाइल ठेवली आहे.

काका येऊन गेले. जखम भरत आलीये. पायात बंद बूट, आतून हात फिरवून खडा बघूनच घालतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गेल्या शुक्रवारी, १४ तारखेला, जागतिक मधुमेह दिन झाला. इन्शुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा जन्मदिवस. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. त्या आधी या आजारात मुलं वाचत नसत. नऊ वर्षांच्या आमच्या मुलीने हे बाळूला वाचून दाखवलं. आता तीच शाळेत जाऊन बाईंना सांगून आलीये. वर्गातल्या कपाटात साखरेची डबी ठेवली आहे, आणि बाथरूमऐवजी ती स्टाफरूममध्ये बसून टोचून घेते.

डिसेंबरात कॉलेजच्या प्रदर्शनासाठी बाळू तीन आठवडे परत जाणार. त्याआधी नवीन वाक्यं भरायची आहेत. मडक्याचा धडा बाळूच्या आवाजात नको, आजींच्याच आवाजात हवा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आजींना विचारलं. "माझा आवाज कुणाला ऐकायचाय," म्हणाल्या, पण आज नवं लुगडं नेसून आल्या.

औषधाच्या खोलीत दार लावून रेकॉर्ड केलं. पंखा बंद, मोबाइल बंद. आजी बाळूकडे बघूनच बोलल्या, माइककडे बघेनात, म्हणून माइक त्याच्या मांडीवर ठेवला. दोन मिनिटं चाळीस सेकंद, एकदाही न अडखळता. एसटीला पंधरा मिनिटं होती.

"आधी मला ऐकव," म्हणाल्या.

हेडफोन कानाला लावून डोळे मिटून ऐकलं. शेवटी कपाळाला आठी.

"रोज सकाळी पाणी बदलायचं सांगायचं ऱ्हायलं की. न्हायतर शेवाळ धरतं. परत घे."

परत घेतलं.